धाकट्याचा कोरा पासपोर्ट

तुझा काका लहानपणी फार कमी बोलायचा, तिथून सुरू कर. तुझा बाप दोघांच्या वाटणीचं एकटाच बोलायचा, त्यामुळे धाकट्याला तोंड उघडायची गरजच पडली नाही. शाळेत मास्तरांनी विचारलं, "येतंय का रे तुला?" की हा नुसती मान हलवायचा. हो म्हणून की नाही म्हणून, ते मास्तरांनी आपलं आपण ठरवायचं.

पण हात! हात काय होते त्याचे! तुझ्या आजोबांच्या चष्म्याची दांडी निखळली होती, ती या सात वर्षांच्या पोरानं सुईच्या टोकानं स्क्रू फिरवून बसवली. आजोबा म्हणाले, "याला बोलता नाही आलं तरी चालेल." आणि तसंच झालं बघ. शाळा सुटल्यावर तो बाजारातल्या म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडे जाऊन बसायला लागला. आधी काचा पुसायच्या, मग घासायच्या, मग नंबर बघायचा. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं दुकान धाकट्याच्या स्वाधीन केलं आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसला, मरेपर्यंत.

दुकान म्हणजे काय, दीड माणूस मावेल एवढं. एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्यानं श्वास बाहेर ठेवून यायचं. भिंतीला लाकडी खण, खणात काचा, प्रत्येक काच वेगळ्या कागदात. कोपऱ्यात ते घासायचं चाक. त्यावर डब्यातून थेंब थेंब पाणी पडायचं आणि काच लावली की असा आवाज यायचा की माझे दात शिवशिवायचे. धाकट्याच्या बोटांना कायम काचेच्या भुकटीचा पांढरा राप. जेवायला बसला तरी नखांत पांढरं. मी ओरडायची, तो मान हलवायचा.

आता काकूचं लिही.

आपल्या गावाबाहेर नदी, नदीवर पूल, आणि पुलापलीकडे दुसरा देश. हे तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्याला कळायला हवं ना. पाणी तेच, आभाळ तेच, बोलणंही जवळपास तेच, पण मध्ये एक खिडकी. खिडकीत दोन साहेब शेजारी शेजारी बसायचे, एक आपला, एक त्यांचा. पलीकडे चष्म्याचं दुकान नव्हतं, त्यामुळे तिकडची माणसं इकडे यायची. तशीच ती आली, वडिलांचा मोडका चष्मा घेऊन. तिकडच्या दवाखान्याच्या धोबीघरात इस्त्रीला होती. उंच, सावळी, स्वतःलाही जाड चष्मा, आणि बोलकी. धाकट्यानं दांडी बसवून दिली. पंधरा दिवसांनी ती परत, तीच दांडी. महिन्यानं पुन्हा परत, पुन्हा तीच दांडी.

शेजारी किल्लीवाल्याचं दुकान. तो मला म्हणाला, "मावशी, एका चष्म्याची एकच दांडी तीनदा मोडते, हे चष्म्याचं दुखणं नाही."

"मग कसलं?"

"तुमच्या पोराला विचारा. पण तो सांगेल तोवर चौथ्यांदा मोडलेली असेल."

सगळ्या बाजाराला कळलं होतं, आमच्या शहाण्याला सोडून. शेवटी तिनंच विचारलं म्हणे, की मी रोज दांडी मोडत बसू का, का तुम्ही काही बोलणार आहात? तो छत्तिसाचा होता तेव्हा, ती चौतिसाची.

मला ते पटलं नव्हतं. लिही, लिही, खोटं कशाला. माझ्या मनात जवळच्या गल्लीतली एक मुलगी होती. आणि लग्न झालं ते पलीकडच्या कचेरीत, दोन सह्या आणि चार माणसं. घरी येताना मी तुझ्या आईला म्हटलं, "नदीपल्याडची सून म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातला दिवा. उजेड दिसतो, आपल्या घरात पडत नाही." सून पुलापर्यंत सोडायला मागेच होती. तिनं ऐकलं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे ते मलाच आडवं येणार आहे.

ती लगेच आपल्याकडे नांदायला येऊ शकत नव्हती. वडील अंथरुणाला खिळलेले, घर सोडायला तयार नाहीत. म्हणून धाकट्यानं जायचं ठरलं. बाजार गुरुवारी बंद. हा बुधवारी संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायचा, पूल चालत ओलांडायचा आणि शुक्रवारी सकाळी परत. महिन्यातून दोनदा. ऊन असो, पाऊस असो, ताप असो. बायकोपेक्षा सासऱ्याचंच जास्त करायचा तिकडे. दाढी करून द्यायचा त्याची, काकूनं नंतर सांगितलं. आपल्या बापाची त्यानं कधी केली नव्हती.

आता माझी करणी ऐक.

पासपोर्ट म्हणजे एक छोटी वही. जाताना त्यात शिक्का, येताना शिक्का. लग्नानंतरच्या तिसऱ्या खेपेला मीही गेले त्याच्याबरोबर, त्याच्या सासऱ्याला बघून यावं म्हणून. खिडकीत आपल्या बाजूला भिंगसाहेब होते. त्यांचा चष्मा धाकट्यानंच केलेला, इतका जाड की काचेतून त्यांचे डोळे बटाट्याएवढे दिसायचे, म्हणून सगळा बाजार त्यांना भिंगसाहेब म्हणायचा. माणूस लाख मोलाचा. त्यांनी धाकट्याची वही उघडली आणि अख्ख्या पानावर मधोमध, तिरका, एकच शिक्का मारला. शेजारच्या साहेबानं दुसरं पान घेतलं. येताना पुन्हा तेच. मी मागची पानं उलटवून घेतली. तीन खेपांत बरीचशी वही खाल्लेली.

वही भरली की नवी काढायला मोठ्या शहरात जायचं, दोनदा रांगेत उभं राहायचं आणि मग तीन महिने वाट बघायची. ते तीन महिने पूल बंद. हे मला माहीत होतं, तुझ्या बापाच्या वेळी बघितलं होतं. आणि मी आयुष्यभर काय केलं? एका कापडात दोघांचे सदरे बेतले. साबणाचा तुकडा नव्या वडीला चिकटवला. माझ्या डोळ्यांदेखत कोणी असं पानाचं वाटोळं करतंय म्हटल्यावर मी गप्प बसणार?

मी म्हटलं, "साहेब, एक शिक्का मारायला तुम्हाला अख्खं पान लागतं होय? चार माणसं एका खोलीत झोपतात, चार शिक्के एका पानावर नाही मावत?"

साहेब हसले. म्हणाले, "आजी, तुम्ही नियम बदलायला आलात काय?"

"नियम तुमच्याकडे ठेवा. माझ्या पोराची वही मला धड परत द्या. अशानं वर्षाच्या आत भरेल आणि मग तीन महिने बायकोचं तोंड दिसायचं नाही त्याला."

भिंगसाहेब शेजारच्या साहेबाशी काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "एक सोय आहे. नेहमीच्या माणसांना आम्ही सुटी चिठ्ठी देतो. शिक्का चिठ्ठीवर मारायचा, येताना चिठ्ठी इथं जमा करायची. वहीला हात लावत नाही. चालेल?"

"चालेल काय, धावेल!" मी म्हटलं.

तेव्हा धाकटा बोलला. सहसा न बोलणारा माझा मुलगा हळूच म्हणाला, "आई, राहू दे ना. वहीतच असू दे."

आणि मी त्याला म्हटलं, "तू गप."

झालं. तो गप्प बसला. तो गप्प बसण्यात पहिल्यापासून हुशार. मी घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले, मी साहेबाला कसा वाकवला, वही कशी वाचवली. किल्लीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं. पण तेव्हा मला ते लक्षणच वाटत होतं.

चार वर्षं अशी चिठ्ठ्यांवर गेली. मग काकूचे वडील गेले. धाकटा महिनाभर तिकडेच होता. आला तेव्हा केसांत पांढरं दिसत होतं, आणि ते काचेचं नव्हतं. म्हणाला, "तिला आता इकडे आणू." मी खोली झाडून घेतली. आतल्या खोलीत नवी फळी ठोकून घेतली, तिच्या कपड्यांना. आतून पटलं होतं मला एव्हाना. चार वर्षांत ती जेव्हा जेव्हा आली, तीही चिठ्ठीवरच, माझे पाय चेपल्याशिवाय गेली नाही. दिवा दुसऱ्याच्या अंगणात होता, पण उजेड आपल्याकडेच पडत होता.

बायकोला कायमचं आणायचं तर अर्ज. अर्जाची एक बाई होती, कचेरीच्या फाटकाशी छत्री लावून बसायची, पुढ्यात छोटं मशीन, त्यावर टकटक करून लोकांचे अर्ज लिहायची. मी, धाकटा आणि तुझा बाप, तिघं गेलो. ती म्हणाली, "खरंच नवराबायको आहात, कागदापुरते नाही, हे दाखवावं लागतं. लग्नानंतर किती वेळा भेटलात, कधी गेलात, कधी आलात, सगळं तारीखवार. आणि प्रत्येक खेपेला पुरावा. पासपोर्ट द्या, शिक्के बघू."

धाकट्यानं वही दिली. तिनं पान उलटलं, उलटलं, आणि थांबली.

"हे काय? लग्नानंतर तीन खेपा, आणि मग चार वर्षं कोरं?"

"चिठ्ठीवर जायचा तो," मी म्हटलं. अजून तोऱ्यातच होते मी. "वही वाचवली आम्ही."

तिनं चष्मा खाली सरकवून माझ्याकडे बघितलं. "आजी, लोक माझ्याकडे शिक्के वाढवून आणतात. वाचवून आणणारे तुम्ही पहिलेच."

तुझा बाप हसला. धाकटा नाही हसला. आणि माझा तोरा तेव्हा कुठं उतरला. त्या वहीकडे परक्या माणसानं बघितलं तर काय दिसणार? नवरा तीनदा गेला, त्याला कंटाळा आला, मग चार वर्षं फिरकलाच नाही.

धावाधाव सुरू झाली. पुलावर गेलो, तर भिंगसाहेबांची बदली झालेली, कुठं ते कोणी सांगेना. नव्या साहेबानं सांगितलं, चिठ्ठ्या वर्षभर ठेवतात, मग फाडून टाकतात. या वर्षाच्या? त्या पोत्यात. नावानं लावलेल्या नाहीत. बघू देता येणार नाहीत. तुझा बाप तासभर भांडला. पोतं समोर दिसत होतं, खिडकीतून. कोपऱ्यात, ओल धरलेलं. धाकट्याच्या किती खेपा त्यात होत्या कोण जाणे, आणि आम्ही बाहेर.

अर्जवाली म्हणाली, "फोटो आणा, दोघांचे." काकूनं चाळीस फोटो पाठवले. नदीकाठी, घरात, बाकावर, वडिलांच्या पलंगाशी. सगळ्यांत काकू. नवरा एकाही फोटोत नाही! फोटो काढणारा तोच ना. याला फोटोत यायची लाज. अर्जवालीनं कपाळाला हात लावला. "अहो, एकदा तरी उलटं उभं राहायचं होतं!"

मग धाकट्यानं ते फोटो दुकानात नेले आणि भिंग लावून एकेक बघत बसला. संध्याकाळी एक फोटो घेऊन आला, मला भिंग दिलं आणि बोट ठेवलं. काकूच्या चष्म्याच्या काचेत, तांदळाच्या दाण्याएवढा, हातात फोन धरलेला माणूस. तो. चौकडीचा सदराही दिसत होता, मीच शिवलेला. मी रडले गं तेव्हा. पण अर्जवाली म्हणाली, "लावूया, पण ते म्हणतील हा कोणीही असू शकतो."

"बरं, फोनवरचे निरोप?" त्याचा जुना फोन चाकाखालच्या पाण्याच्या टबात पडून गेलेला. काकूच्या फोनवर आठ महिन्यांचे निघाले. ते बघून तर अर्जवालीला हसावं की रडावं कळेना. बुधवारी "निघालो." शुक्रवारी "पोचलो." बस. आठ महिने हेच. कुठून निघाला, कुठं पोचला, कोणासाठी, काही नाही. एकदा मात्र लांबलचक निरोप होता: "निघालो. छत्री विसरलो."

राहिली यादी. ती आपल्या जेवणाच्या टेबलावर झाली, आठवतंय तुला? तू चौथीत होतीस, तुझं अक्षर चांगलं म्हणून तुला बसवलं होतं. धाकट्याला तारखा आठवेनात. मला आठवल्या. मला तारखा वाचता येत नाहीत, पण तो घरात नसलेला प्रत्येक गुरुवार मला ठाऊक होता, कारण त्या दिवशी मी एक ताट कमी मांडायची. तू जिन्यावरून पडलीस तेव्हा तो तिकडे होता. तुझ्या बापाला कामावर नवा साहेब आला त्या आठवड्यात तिकडे. नळाचं पाणी तीन दिवस गेलं तेव्हा तिकडे, आणि मी म्हटलं होतं, बरा सुटला. मी सांगत गेले, तुझी आई कॅलेंडरवर शोधत गेली, तू लिहीत गेलीस. बावन्न खेपा भरल्या. त्याहून जास्त होत्या, पण बावन्न शपथेवर सांगता आल्या. मला वाटलं, बास. आईच्या तोंडून आलेली यादी, याहून पक्का पुरावा कुठला?

अर्ज दिला, आणि कचेरीनं दोघांनाही मुलाखतीला बोलावलं. तिला एका खोलीत, धाकट्याला दुसऱ्या, वेगवेगळं विचारायला. मी बाहेर बाकावर. धाकट्याच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, वीतभर उघडं राहिलेलं. आत एक मॅडम. आवाज वाईट नव्हता तिचा, हे पण लिही.

ती म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे. पण पहिल्या तीन खेपांचे शिक्के आहेत आणि मग तुम्ही चिठ्ठी मागून घेतलीत. आपणहून. कोणी मागतं का अशी चिठ्ठी? नोंद राहू नये असं वाटण्याचं कारण काय?"

यानं नुसती मान हलवली असणार.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला तसं करायला?"

मी उठून उभी राहिले. खरंच उठले. दोन पावलं, दार ढकलायचं आणि सांगायचं: बाई, मी सांगितलं. मी अडाणी बाई, पानं वाचवायला गेले. त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. एवढंच.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीचं दार उघडलं आणि काकू बाहेर आली. हसत. तिची चांगली झाली होती मुलाखत. माझा हात धरला नि म्हणाली, "आई, कसं चाललंय आत?"

आणि मी परत बसले.

का बसले, ते आता सांगते. चिठ्ठीमागे मी होते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं; मी आत जाऊन बोलले असते तर तिनं ऐकलं असतं. आणि तिला ते अंगणातल्या दिव्याचं वाक्य आठवलं असतं. सासूला मी नको होते, म्हणून सासूनंच माझा रस्ता खोदून ठेवला, असं तिला वाटलं असतं. मला त्या क्षणी मुलाच्या संसारापेक्षा माझं तोंड जपावंसं वाटलं. आणि त्याहून खोलचं सांगू? पुलावर त्या दिवशी मी साहेबाशी भांडले ते फक्त पानांसाठीच भांडले का, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. पानांसाठीच. बहुतेक पानांसाठीच. पण त्या दिवसापर्यंत मला ती पटली नव्हती, हेही खरं. मनाचा तळ कोणाला दिसतो? भिंगसाहेबांच्या चष्म्यातूनही दिसायचा नाही.

आतून धाकट्याचा आवाज आला. "कोणी नाही. मीच मागितली."

मी बाहेर बसलेय हे त्याला माहीत होतं. दार उघडं आहे हेही माहीत होतं.

पाच महिन्यांनी पत्र आलं. तुझ्या बापानं वाचलं. अर्ज नामंजूर. अर्जदारानं भेटींच्या नोंदी स्वतःहून टाळल्या, असं त्यात होतं. धाकट्यानं पत्र घेतलं, घडी घातली, घडीची घडी घातली आणि दुकानात जाऊन त्या चाकाचा एक पाय डुगडुगायचा ना, त्याखाली घातलं. त्यानंतर चाक हललं नाही.

अर्जवाली म्हणाली, दोन वर्षं शिक्के मारून जा-ये करा, मग पुन्हा अर्ज करू. पण काकू चाळिशीला आली होती, घरात एकटी होती, आणि दोघांनाही वाट बघायचा वीट आला होता. आठ दिवस धाकटा विचार करत होता. नवव्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "मीच जातो तिकडे."

त्याचा अर्ज तिकडच्या कचेरीनं सहा आठवड्यांत मंजूर केला. लग्नाचा कागद त्यांच्याच कचेरीचा, आणि तिकडे चष्मेवाला नव्हता. संपलं. इतकं सोपं.

दोन हातगाड्यांत त्याचं सगळं आयुष्य बसलं. खणांतल्या काचा काकूनं दवाखान्याच्या जुन्या चादरींत गुंडाळल्या. चाक उचलायला चार माणसं लागली. किल्लीवाला चष्मा पुसत म्हणाला, "मावशी, आता माझी किल्ली हरवली तर शोधू कुणाच्या डोळ्यांनी?" विनोद केला त्यानं, पण पुसत होता ते डोळे होते, काचा नव्हत्या. आतल्या खोलीतली ती नवी फळी अजून तशीच आहे. त्यावर मी गोधड्या ठेवते.

मी आता दर महिन्याला जाते. त्याच्या जुन्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात, तिकडे न बघता पुलावर जाते. खिडकीत नवा पोरगेला साहेब आहे. मला ओळखतो. पहिल्यांदा म्हणाला, "आजी, तुम्ही नेहमीच्या. चिठ्ठी देऊ का? वहीची पानं वाचतील."

मी म्हटलं, "नको रे बाबा. वहीतच मार. ठसठशीत मार. शाई कमी पडली तर मी घेऊन येते."

मागच्या रांगेतली माणसं हसतात. हसू देत. माझी एक वही भरली, दुसरी अर्धी झाली. मी शहरात गेले, रांगेत उभी राहिले, तीन महिने वाट बघितली. काकू माझी काळी झालेली पानं बघते आणि म्हणते, "आई, तुम्हाला शिक्क्यांचा भारी सोस!" तिला वाटतं, म्हातारीचं खूळ.

आणि आता गेल्या खेपेचं. ज्यासाठी तुला बसवलंय ते हे.

मी, काकू आणि तिची शेजारीण पुढच्या खोलीत बसलो होतो. तीच दुकानाची खोली, धाकटा कोपऱ्यात चाकावर. शेजारणीनं विचारलं, "तू नाही का गेलीस गं सासरी?" काकू हसत म्हणाली, "जाणार होते की. पण आमच्या यांना शिक्के मारून घ्यायचा कंटाळा. चिठ्ठीवर भागवलं चार वर्षं. यांच्या आळसापायी माझं सासर हुकलं." रागानं नाही म्हणाली. सवयीनं म्हणाली. म्हणजे आजवर कितीदा म्हणाली असेल! आणि कितीदा त्यानं ऐकून घेतलं असेल!

मी त्याच्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. त्यानं चाकावरून डोळे न उचलता मान हलवली.

हो म्हणून की नाही म्हणून? सांग म्हणून की नको म्हणून? ते मी आपलं आपण ठरवायचं. तिथं ठरवता आलं नाही मला. चहा प्यायले आणि परत आले. येताना शिक्का मारून घेतला.

पण घरी आल्यापासून घास उतरत नाही. त्या बाकावरून मी एकदा उठून परत बसले, आता पुन्हा बसायचं नाही. मला समोर बोलता यायचं नाही, रडू येईल, मग ती मलाच समजावत बसेल आणि सगळं वाहून जाईल. म्हणून हे लिहून घेतलं. गुरुवारी तू चल माझ्याबरोबर. काकूला बसव, काकाला चाक बंद करायला सांग, आणि हे पहिल्यापासून वाचून दाखव. तो मान हलवेल, तिकडे बघू नकोस. वाचत राहा.

खाली तारीख घाल. तारखेशिवाय काही खरं धरत नाहीत. मी अंगठा लावते, शाई आण ती निळी.

आणि ऐक, वाचताना मध्ये काही गाळू नकोस मला वाईट वाटेल म्हणून. अंगणातल्या दिव्याचं गाळू नकोस. मी बाकावर परत बसले ते गाळू नकोस. आणि पुलावर तो बोलला होता, वहीतच असू दे म्हणाला होता, आणि मी त्याला "तू गप" म्हटलं होतं, ते दोनदा वाच.